कमी पाण्यावर टिकणारं लॉन: सातारा-सांगलीच्या अंगणासाठी निवड, तयारी आणि लागण

दर मे महिन्यात एकच तक्रार कानावर येते: "एवढा खर्च करून लॉन लावलं आणि जळून गेलं." जरा खोलात जाऊन विचारलं तर गवताचा दोष क्वचितच निघतो. कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी नर्सरीत जाऊन हिरवीगार गादी पसंत करायची, मग ती टाकण्यापुरती जागा सपाट करायची, आणि पाण्याचा विचार टँकरवाल्याला फोन लावताना करायचा. त्यात वास्तुशांत एप्रिलमध्ये असेल तर लॉनही एप्रिलमध्येच हवं असतं.

आधी पाणी, मग ऊन आणि वावर (माणसांची ये-जा), मग माती, आणि शेवटी रोप. या क्रमाने गेलात तर निवड जवळजवळ आपोआप होते. खालचे टप्पे घराभोवतीच्या चार-पाचशे चौरस फुटांपासून तीन-चार गुंठ्यांपर्यंतच्या जागेसाठी आहेत. काम मार्चमध्ये सुरू करायचं आणि लागण पावसाळ्यात करायची, असं धरून चाला.

टप्पा १: मे महिन्यातलं पाणी मोजा

एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. तेव्हा गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०० लिटर, एवढं लक्षात ठेवलं की पुढचा सगळा हिशेब तोंडी होतो.

काटक गवतसुद्धा एप्रिल-मेच्या उन्हात हिरवंगार ठेवायचं म्हटलं तर दिवसाला सरासरी ४ ते ५ मिलिमीटर पाणी लागतं. गुंठ्याला रोजचे ४०० ते ५०० लिटर. महिन्याला १२ ते १५ हजार लिटर, म्हणजे ५ हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. एका गुंठ्याला!

आता उलटा हिशेब करा. घरातला वापर सोडून मे महिन्यात बागेला रोज किती पाणी देता येईल? १०० लिटर असेल, तर उन्हाळाभर हिरवं राहणारं लॉन २० ते २५ चौरस मीटरच परवडेल, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे चौरस फूट. बाकीच्या जागेसाठी दोन वाटा आहेत: उन्हाळ्यात पिवळं पडून पावसात परत उठणारं गवत, किंवा जमिनीवर पसरणारी काटक रोपं आणि मुरमाच्या पायवाटा. माझं मत स्पष्ट आहे. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागात घरापुढचा छोटा तुकडाच लॉनचा ठेवा. बाकी जागेला लॉन म्हणूच नका.

*तपासा:* पाणी कोणतं आहे? बोअरच्या पाण्याने बादलीला, नळाला पांढरे थर बसत असतील तर मातीतही क्षार साठणार आहेत. मीठ घालून चालवायच्या वॉटर सॉफ्टनरचं पाणी बागेला कधीच देऊ नका, त्यातलं सोडियम काळी माती दगडासारखी घट्ट करतं. कपडे धुतलेल्या पाण्याचंही तेच. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल द्या.

टप्पा २: ऊन आणि वावर कागदावर मांडा

प्लॉटचा कच्चा नकाशा काढा. एका निरभ्र दिवशी सकाळी ८ पासून संध्याकाळी ५ पर्यंत दर दोन तासांनी सावली कुठे पडते त्याच्या रेघा मारा. तुमच्या जागेच्या दक्षिणेला भिंत किंवा शेजारची इमारत असेल तर डिसेंबरात सावली बरीच लांब येते, ती वेगळ्या रंगाने दाखवा.

मग त्याच नकाशावर पाय कुठे पडतात ते लिहा. फाटकापासून दारापर्यंतची वाट, दुचाकी वळवायची जागा, मुलं खेळतात तो कोपरा, आणि जिथे कोणी जातच नाही अशा कडा. रोज एकाच रेषेत माणसं चालणार असतील तिथे कोणतंही गवत टिकत नाही. तिथे शहाबादी फरशीचे तुकडे किंवा मुरमाची वाट आधीच धरा.

शेवटी जागेचे तुकडे पडतील: भरपूर ऊन आणि थोडा वावर, भरपूर ऊन पण वावर नाही, झाडाखालची सावली, आणि उतार असेल तर उतार. सगळीकडे एकच रोप लावायचा मोह इथेच सोडून द्या.

टप्पा ३: मातीची ओळख करून घ्या

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत माती पाच-दहा किलोमीटरवर बदलते. डोंगराच्या पायथ्याला वीतभर मातीखाली मुरूम आणि खडक लागतो. कराडपासून खाली कृष्णेच्या काठाने खोल काळी माती आहे. वाळवा, पलूस, मिरज या उसाच्या पट्ट्यात जमिनी क्षारपड झालेल्या आहेत, आणि तिथे पाडलेल्या प्लॉटमध्ये क्षार आधीपासूनच असतो. त्यावर नवीन घराभोवती हमखास बांधकामाचा राडारोडा: विटांचे तुकडे, सिमेंटचे ढेकूळ, वाळूचे ढीग.

दोन साध्या चाचण्या करा.

पहिली निचऱ्याची. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी अर्ध्या तासात गेलं तर जमीन मुरमाड आहे, पाणी धरणार नाही. चार-पाच तासांनीही तसंच राहिलं तर निचरा नाही, आणि पावसाळ्यात मुळं कुजतील.

दुसरी खोलीची. टोकदार सळई जागोजागी खुपसून पाहा. नऊ इंच सहज गेली तर गवत लावता येईल. पाच-सहा इंचांवर खडक वाजला तर तिथे लॉनचा हट्ट नको. खड्डे करून त्यात माती भरून पसरणारी रोपं लावा.

बोअरचं पाणी असेल किंवा जमीन उसाच्या पट्ट्यातली असेल तर माती परीक्षण करूनच घ्या. इंग्रजी व्ही आकाराचा नऊ इंच खड्डा घेऊन कडेची माती खरवडायची, अशा सात-आठ जागांची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो पाठवायची. साताऱ्याजवळ बोरगावला आणि मिरज तालुक्यात कांचनपूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे किंवा जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत चौकशी करा. अहवालात दोन आकडे पाहा. क्षारता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर क्षार सहन करणारीच रोपं निवडा. सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तर जमीन चोपण (सोडियमने घट्ट झालेली) आहे, तिला जिप्सम लागेल, आणि किती ते अहवालानुसार.

*सावध:* जिप्सम टाकून निचरा न करणं म्हणजे पैसे वाया. जिप्सममुळे सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर खाली किंवा बाहेर गेलं पाहिजे. कडेने चर नसेल तर आधी चर काढा.

टप्पा ४: आता रोप निवडा

नर्सरीतल्या नावांवर जाऊ नका. सिलेक्शन, मेक्सिकन, कार्पेट, अमेरिकन ही नावं दर नर्सरीत वेगळ्या गवताला चिकटलेली असतात. पान किती रुंद आहे, गवत जमिनीवरून धावतं की जमिनीखालून, आणि सावलीत ठेवलंय की उन्हात, एवढं स्वतः पाहा.

*भरपूर ऊन, पायाखालची जागा: हरळी.* शेतकरी जिला आयुष्यभर वेचून बांधावर टाकतो ती हीच. आपली देशी हरळी आणि लॉनसाठी निवडलेले तिचे बारीक पानांचे वाण, दोन्ही आपल्या हवेला सगळ्यांत योग्य. पाणी तोडलं की पान वाळतं, पण काशा (जमिनीखाली धावणारी खोडं) जिवंत राहतात आणि वळवाच्या पहिल्या सरीने फुटतात. क्षारही बऱ्यापैकी सोसते, पुराचं पाणी काही दिवस अंगावर राहिलं तरी मरत नाही, त्यामुळे सांगलीच्या नदीकाठच्या वस्त्यांना तीच धरावी. तिची अट एकच: रोज किमान सहा-सात तास थेट ऊन. आंब्याखाली हरळी लावणं म्हणजे वर्षभरात मोकळी माती बघणं. भाद्रपदात दूर्वा अंगणातच मिळतात हा तिचा आणखी एक फायदा, त्यासाठी एक कोपरा गणपतीच्या आधी कापायचा नाही.

*कमी कापणी हवी, थोडी सावली आहे: कोरियन गवत.* बारीक, दाट, हळू वाढणारं. कापणी कमी लागते, पण पसरायला वर्ष-दीड वर्ष घेतं. अजिबात कापलं नाही तर उंचवटे धरतं. मुरमाड जागेत त्याला हरळीपेक्षा जास्त पाणी लागतं.

रुंद पानाचं कार्पेट किंवा बफेलो म्हणून मिळणारं गवत सावलीत छान दिसतं, पण ते पाण्याला हावरं आहे. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पावसाळी पट्ट्यात चालेल. सांगली-मिरजेच्या उन्हात आणि तिथून पूर्वेला घेऊ नका.

*ऊन, कधीमधी पाय: रतोलिया.* नदीकाठी, पाटाच्या कडेला आपोआप पसरणारी ही वेल पुष्कळांनी पाहिलेली असते, नाव माहीत नसतं. जमिनीला चिकटून धावते, प्रत्येक पेराला मूळ धरते, वर गुलाबीसर पांढऱ्या फुलांची बारीक बोंडं येतात. एकदा रुजली की दुष्काळ आणि दलदल दोन्ही सोसते, खारवट जमिनीतही येते. कापायची गरज जवळजवळ नाही. फुलांवर मधमाश्या भरपूर येतात, म्हणून लहान मुलं अनवाणी खेळतात तिथे नको. आणि ती पसरते भराभर, तिला कड लागतेच.

*अर्धी सावली, बऱ्यापैकी पाऊस: शोभेचा भुईमूग.* पिवळी फुलं, भुईमुगासारखीच पानं, नत्र स्वतःचं स्वतः मिळवतो. सातारा, कराड, शिराळा इथे उत्तम. जत-आटपाडीत उन्हाळ्यात पानं गाळतो, तिथे त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

*झाडाखालची कोरडी सावली:* ऱ्हिओ आणि जांभळ्या पानांचा सेटक्रेशिया. दोन्ही अर्ध्या दुर्लक्षावर जगतात. ऱ्हिओच्या रसाने काहींच्या कातडीला खाज सुटते, छाटताना हातमोजे घाला.

*कडक ऊन, वावर शून्य:* ऑफिस टाइम. मुरमाच्या उंच वाफ्यात लावा. काळ्या मातीत पावसाळ्यात सडते.

*उतार:* वाळा. उताराला आडव्या ओळीत, सहा-सहा इंचांवर. मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. दोन ओळींमध्ये रतोलिया सोडा.

दोन गोष्टी अजिबात करू नका. पहिली, वेडेलिया. पिवळ्या फुलांची ही वेल फुकट मिळते, रस्त्याच्या दुभाजकात दिसते, म्हणून लोक आणतात. जगातल्या सगळ्यांत उपद्रवी अशा १०० आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. ओढ्याला पोचली की परत येत नाही. दुसरी, कास पठारावरून काहीही उपटून आणू नका. पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथली झाडं उपटणं गुन्हा आहे. शिवाय ती पातळ मातीच्या थरावर पावसाळ्यापुरती येणारी झाडं आहेत, तुमच्या अंगणात मे महिन्यात ती झाकण करणार नाहीत.

टप्पा ५: जमीन तयार करा (मार्च ते जून)

सगळं यश इथे ठरतं, आणि लोक नेमका हाच टप्पा दोन दिवसांत उरकतात.

*राडारोडा काढा.* वरवर वेचून भागत नाही. टिकावाने नऊ इंच खोदून चाळायचं. सिमेंटचा ढेकूळ खाली राहिला तर वर गवताचा गोल पिवळा ठिपका कायम राहतो आणि लोक त्यावर औषधं फवारत बसतात.

*मार्च-एप्रिलमध्ये खोदून उन्हात तापू द्या.* ढेकळं उलटी करून तशीच ठेवा. हरळी सोडून दुसरं काही लावणार असाल तर याच वेळी काशा वेचून जाळा किंवा कडक वाळवा. बोटभर तुकडा राहिला तरी तो फुटतो.

*लव्हाळ्याचा बंदोबस्त.* याच्यावर थोडं थांबून लिहितो, कारण लॉन मोडायची वेळ येते ती बहुतेक याच्यामुळे. लव्हाळ्याचं पान गवतासारखंच दिसतं, पण चकचकीत असतं आणि दांडा तिकोनी. बोटांत फिरवला की तीन धारा जाणवतात. उपटलात तर वरचा भाग हातात येतो आणि गाठ खाली राहते. हळूच खणून पाहा: काळपट तपकिरी, हरभऱ्याएवढी किंवा थोडी मोठी गाठ, फोडली की आत पांढरी, आणि नागरमोथ्याचा वास. त्या गाठीला एक तारेसारखी बारीक मुळी असते. तिचा माग धरून गेलात की दुसरी गाठ, तिच्यापुढे तिसरी. खुरप्याने वर वर कापत राहिलं तर उरलेल्या गाठी फुटून एकाच्या चार होतात. म्हणून खोरं घेऊन फूटभर खोल खणायचं आणि साखळी अखंड काढायची. मग जागेला पाणी द्यायचं, दहा-बारा दिवसांनी नवे कोंब दिसले की पुन्हा खणायचं. हे एप्रिल-मेमध्ये तीन-चार वेळा केलं की संख्या आटोक्यात येते. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून तापवायचा उपाय तणाच्या बियांवर चालतो, खोल गाठींवर चालत नाही.

*सावध:* बाहेरून माती विकत घेताना ढिगात हात घालून पाहा. तलावातला गाळ, शेतातली काळी माती लव्हाळ्याच्या गाठी आणि गाजर गवताचं बी घेऊन येते. दोन मुठी माती चाळून एक गाठ जरी सापडली तरी ती ट्रॉली परत पाठवा.

*शेणखत.* पूर्ण कुजलेलं, कोरडं, हातात भुसभुशीत होणारं आणि शेणाचा वास न येणारं. दर १०० चौरस फुटाला ४० ते ५० किलो, वरच्या सहा इंचांत मिसळून. ताजं शेण नको. त्यात तणाचं बी असतं, उष्णता असते आणि हुमणी येते. उसाच्या पट्ट्यात हुमणी किती नुकसान करते ते सांगायला नको, लॉनमध्येही ती मुळं खाते आणि गवत चटईसारखं उचलून हातात येतं. शेणखत पसरताना पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या तर वेचून काढा.

*काळ्या मातीत वाळू मिसळू नका.* ही सल्ला-वजा चूक फार पसरलेली आहे. थोडीशी वाळू घातल्याने काळी माती मोकळी होत नाही, उलट जास्त कडक बसते. काळ्या जमिनीला शेणखत, कंपोस्ट, पालापाचोळा द्या. उलट मुरमाड जमिनीवर किमान चार-पाच इंच चांगली माती आणि भरपूर शेणखत लागतं.

*उतार आणि सपाटी.* घराच्या जोत्यापासून बाहेरच्या बाजूला दर १० फुटांना दीड ते दोन इंच उतार ठेवा. दोरी आणि लेव्हल वापरा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. कड करायची असेल तर याच वेळी शहाबादीच्या पट्ट्या उभ्या, सहा-आठ इंच जमिनीत गाडून लावा. हरळी आणि रतोलिया दोघीही फुलांच्या वाफ्यात आणि शेजाऱ्याच्या शेतात शिरतात. प्लॉटला लागून शेती असेल तर ही कड टाळायची नाही.

*आता लागण करू नका.* जमीन तयार झाल्यावर लगेच गादी टाकायची घाई होते. थांबा. वळवाचे एक-दोन पाऊस पडू द्या. वळीव आला नाही तर स्वतः पाणी देऊन जमीन भिजवा. माती बसेल, खड्डे दिसतील, आणि मातीत दडलेलं तणाचं बी एकदम उगवेल. दोन-तीन पानांवर असतानाच खुरप्याने वरचा अर्धा इंच खरवडून ते साफ करा. खोल खुरपलं तर खालचं नवं बी वर येतं. हे दोनदा झालं तर पुढच्या वर्षीची निम्मी खुरपणी वाचते.

*तपासा:* मोठ्या पावसानंतर तासाभराने फिरून या. जिथे पाणी साचलंय तिथे खूण करा, वाफसा आल्यावर (चिखल जाऊन माती मोकळी झाल्यावर) माती टाकून भरा. ओल्या काळ्या मातीवर चालू नका आणि रोलर तर मुळीच फिरवू नका.

टप्पा ६: लागण

*वेळ.* सातारा, कराड, वाई, सांगली, मिरज या भागात मृग बरसून जमीन खोलवर ओली झाली की आर्द्रा-पुनर्वसूत, म्हणजे जूनअखेर ते जुलै. पूर्वेकडच्या तालुक्यांत जून-जुलैवर भरवसा नसतो, तिथला मोठा पाऊस परतीचा. ऑगस्टअखेर लावून उत्तरा-हस्ताचा पाऊस घेतला तर रोप चांगलं धरतं. अतिवृष्टीच्या पट्ट्यात जुलैच्या धारेत लावलं तर काड्या वाहून जातात, तिथे ऑगस्टमध्ये उघडीप बघून लावा.

*पद्धत.* आपल्या घरगुती जागेला टोकणी सगळ्यांत चांगली. गवताची गादी आणून मुळांसकट दोन-तीन इंचांचे तुकडे करा, प्रत्येकाला दोन-तीन डोळे हवेत. ओलसर जमिनीत सहा-सहा इंचांवर लावा, मुळं आणि एक डोळा मातीत, शेंडा बाहेर. गुंठ्याला साधारण ४,३०० ते ४,४०० काड्या लागतात, एक चौरस फूट गादीतून दहा-पंधरा चौरस फूट सहज लागतं. लावून झालं की प्रत्येक काडीजवळची माती अंगठ्याने दाबा. मुळाभोवती पोकळी राहिली की काडी वाळते.

तयार गादी टाकायचीच असेल तर दोन तुकड्यांमध्ये फट ठेवू नका, सांधे विटांसारखे आडवे-उभे चुकवा आणि खालची जमीन आधी भिजवा. गादी कोरड्या जमिनीवर टाकून वरून पाणी मारलं तर मुळं वरच्या वर राहतात.

रतोलिया आणि भुईमूग एक-एक फुटावर, ऱ्हिओ, सेटक्रेशिया नऊ इंचांवर. मधल्या मोकळ्या जागेत दोन इंच पालापाचोळा किंवा पाचट पसरा, उसाच्या पट्ट्यात पाचटाला तोटा नाही. गवताच्या लागणीवर मात्र आच्छादन टाकू नका.

*तपासा:* तीन आठवड्यांनी एखादी काडी दोन बोटांनी हलकेच ओढा. जमिनीने धरून ठेवली तर मूळ लागलं. अलगद निघाली तर तिथे पुन्हा लावा, पावसाळा असेपर्यंतच.

टप्पा ७: पहिल्या वर्षाचं पाणी

दुष्काळ सोसणारं रोप पहिल्या वर्षी दुष्काळ सोसत नाही. त्याची मुळं अजून वरच असतात. आपल्याला ती खाली न्यायची आहेत, आणि त्यासाठी पाणी भरपूर पण लांबच्या अंतराने द्यायचं असतं.

लागणीनंतर दोन-तीन आठवडे पाऊस नसेल त्या दिवशी हलकं पाणी. नंतर दोन दिवसांआड, मग चार दिवसांनी. दिवाळीपर्यंत आठवड्यावर आणा, थंडीत बारा-पंधरा दिवसांवर. प्रत्येक वेळी २० मिलिमीटर द्या, म्हणजे गुंठ्याला २,००० लिटर. काळ्या मातीत ते एकदम जिरत नाही, तासाभराच्या अंतराने दोन हप्त्यांत द्या. मुरमाड जमिनीत १० मिलिमीटर आणि अंतर निम्मं.

रोज संध्याकाळी पाइप घेऊन दहा मिनिटं पाणी शिंपडणं ही सगळ्यांत महागडी सवय आहे. वरचा इंचभर भिजतो, मुळं तिथेच राहतात, आणि एक आठवडा गावाला गेलात की गवत गेलं.

*तपासा:* पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी सळई खुपसा. सहा इंच सहज गेली तर पाणी पुरलं. आणि पाणी कधी द्यायचं ते गवताला विचारा: चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले, रंग निळसर करडा वाटला, की द्या. तोवर थांबा.

टप्पा ८: कापणी, खत आणि उन्हाळा

हरळी एक-दीड इंचावर कापा, पण होळीनंतर उंची दोन इंचांवर न्या. एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त पान कापू नका. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत महिन्याने. रतोलिया, भुईमूग यांना वर्षातून दोन छाटण्या पुरतात. पातं बोथट असेल तर टोकं फाटून पांढरी पडतात, धार लावून घ्या.

खत कमी द्या. गुंठ्याला एक किलो युरिया, पावसाळा सुरू झाल्यावर एकदा आणि सप्टेंबरात एकदा, पान कोरडं आणि जमीन ओली असताना. भुईमुगाला युरिया नको. फेब्रुवारीनंतर कोणत्याही गवताला नत्र देऊ नका, कोवळी वाढ पाणी मागते आणि ते देता येत नाही.

उन्हाळ्याचं फेब्रुवारीतच ठरवा: कोणता तुकडा हिरवा ठेवायचा आणि कोणता झोपवायचा, म्हणजे पिवळा पडू द्यायचा. हिरव्याला चार-पाच दिवसांनी खोल पाणी, पान दुपारी थोडं मलूल झालं तरी चालेल. झोपवायच्या हरळीला तीन ते चार आठवड्यांतून एकदा १२ मिलिमीटर, गुंठ्याला १,२०० लिटर, फक्त काशा जिवंत राहण्यापुरतं. अधूनमधून थोडं थोडं पाणी देऊन तिला अर्धवट जागं करू नका, त्यात काशांमधला अन्नसाठा खर्च होतो. लागणीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मात्र कोणालाच झोपवायचं नाही, पंधरा दिवसांनी तरी पाणी द्याच.

पिवळ्या पडलेल्या हरळीवर वाहन आणू नका, मांडव घालू नका. गवत मेलं की झोपलं ते पाहायला बोटभर काशी उकरून नखाने सोला. आत पांढरी आणि ओलसर असेल तर जिवंत आहे. तपकिरी, पोकळ, कडकड मोडणारी असेल तर तेवढी जागा खुणेचा दगड ठेवून सोडा आणि आर्द्रात शेजारच्याच काशा काढून तिथे टोका.

काळ्या जमिनीत एप्रिलमध्ये भेगा पडतात, काही इतक्या की चार बोटं आत जातात. त्यातून ओल उडते आणि कडेची मुळं उघडी पडतात. बारीक कंपोस्ट आणि माती निम्मी-निम्मी मिसळून भेगेत सोडा, वरून झारीने पाणी द्या. लगोलग माती दाबून बसवू नका, पाऊस पडला की जमीन फुगून स्वतःच मिटते.